हॉटेलच्या मागच्या दारानं: दीड एकरातली भाजी सोलापूरच्या हॉटेलांना कशी द्यायची

आठ वर्षं मी सोलापुरात एका हॉटेलात भाजी निवडायचं काम केलं. सकाळी नऊला पाटावर बसायचं ते दुपारी तीनपर्यंत. कांदा सोलायचा, फ्लॉवर तोडायचा, मिरचीचे देठ काढायचे, कोथिंबीर निवडायची. पुढं मालकांच्या, म्हणजे आमच्या ह्यांच्या, पाठीचं दुखणं निघालं आणि शेत मला बघावं लागलं. तुळजापूर रोडला हिप्परग्याच्या तळ्याच्या पुढं आमचं दीड एकर आहे. एक विहीर, एक बोअर, चार शेळ्या. आज मी आणि गावातल्या पाच घरच्या बाया मिळून सोलापुरात चार हॉटेलांना आणि एका खानावळीला भाजी देतो.

लोक विचारायला येतात, चहा घेतात आणि जाताना म्हणतात, "तुमची आधीची ओळख होती म्हणून जमलं." ज्या हॉटेलात मी काम केलं, त्यांनी आजपर्यंत माझ्याकडून मेथीची एक पेंडी घेतलेली नाही. म्हणून सगळं लिहूनच काढते.

आधी कचऱ्याचं पिंप बघा

भाव विचारण्याआधी हॉटेलच्या मागच्या बाजूला जाऊन ओल्या कचऱ्याचं पिंप बघा. लाजू नका. तिथं तुमचं गिऱ्हाईक लपलेलं असतं.

बाजारातून आलेली फ्लॉवरची दहा किलोची पिशवी आम्ही फोडायचो, तेव्हा पाला, जाड दांडा आणि काळे पडलेले तुरे काढून हाताला पावणेसहा किलो लागायचं. कोथिंबिरीच्या पेंडीत मुळं, मुळांना माती, मधोमध पिवळी पानं. टमाट्याच्या कॅरेटला वरचे दोन थर लालभडक आणि खाली फुटके, हिरवे. सगळं पिंपात. हॉटेलचा मालक रोज विचारायचा, "आज फ्लॉवर कितीनं आणला?" पिंपात किती गेला हे आठ वर्षांत एकदाही विचारलं नाही. ते फक्त आम्हाला आणि वस्तादला, म्हणजे मुख्य आचाऱ्याला, माहीत.

मी पहिला माल विकला तो याच हिशेबावर. समजा बाजारात फ्लॉवर २० रुपये किलो आहे. दहा किलोचे २०० रुपये झाले, कामाचा निघाला ५.७ किलो. म्हणजे कढईत पडणारा फ्लॉवर ३५ रुपयांनी पडला. मी बाहेरचा पाला काढून, दांडा आखूड करून, गड्ड्याला धक्का लागू नये म्हणून आतली दोन-तीन पानं तेवढी ठेवून २६ रुपयांनी दिला. त्यातून दहाला आठ किलो निघाला, म्हणजे साडेबत्तीस. वस्तादनं स्वतःच्या काट्यावर दोन्ही तोलून बघितलं. वर भाजी निवडणाऱ्या बाईचा अर्धा तास वाचला. मला बाजारापेक्षा सहा रुपये जास्त मिळाले आणि पाला शेळ्यांना घरीच राहिला.

हा प्रयोग तुम्हीही करा, पण तोंडी सांगू नका. काटा घेऊन जा आणि त्यांच्या ओट्यावर, त्यांच्याच सुरीनं करून दाखवा.

हॉटेल कुठलं धरायचं

घरात माळ असेल तर पुढचं सोडून द्या, पण हिशेब म्हणून सांगते: सुरुवात मटणाच्या हॉटेलापासून करा. त्यांना लागतात मोजून पाच गोष्टी. कांदा, कोथिंबीर, लिंबू, हिरवी मिरची, पुदिना. पण लागतात रोज आणि ढिगानं. एवढी पिकं लहान शेतकरी सांभाळू शकतो.

व्हेज हॉटेलची लिस्ट पंचवीस नावांची असते. ढबू, गाजर, घेवडा, मटार, कोबी, बीट, बेबीकॉर्न आणि प्रत्येक दोन-दोन, तीन-तीन किलो. त्यांना सगळं एकाच माणसाकडून हवं असतं, कारण सकाळी पाच गाड्यांची बिलं कोण बघणार? तिथं सगळं देतो म्हणायच्या भानगडीत पडू नका. "पालेभाजी आणि कोथिंबीर आमची, बाकी तुमच्या नेहमीच्या माणसाकडनं घ्या," एवढंच बोला. पालेभाजीतच पिंप सगळ्यात जास्त भरतं, त्यामुळं ते ऐकून घेतात.

लॉजिंगची मोठी हॉटेलं असतात, तिथं खरेदीचा वेगळा माणूस, कोटेशन, पुरवठादाराचा फॉर्म आणि महिना-दीड महिन्याची उधारी. पहिल्या वर्षी तिकडं बघूही नका.

आणि एक खानावळ जोडीला ठेवाच. खानावळीला भाकरीबरोबर वांगी, मेथी, शेपू, गवार लागते आणि आकाराचे नखरे नसतात. हॉटेलच्या सॅलडला काकडी सरळ लागते. तीच वाकडी असली तर हॉटेल परत करतं, खानावळीत तिची कोशिंबीर होते. आमचा दुसऱ्या प्रतीचा माल असाच जातो. भाव कमी, पण दर शनिवारी रोख.

कधी जायचं, कुणाशी बोलायचं

दुपारी साडेतीन ते साडेपाच. जेवणाची गर्दी संपलेली असते आणि संध्याकाळची तयारी लागलेली नसते. रविवारी नको, आणि हॉटेल अक्कलकोट किंवा तुळजापूरच्या रस्त्याला असेल तर गुरुवारी, मंगळवारी, पौर्णिमेलाही नको. भाविकांच्या गाड्या लागलेल्या असतात, कुणाला मान वर करायला वेळ नसतो.

काउंटरवर विचारलं की उत्तर ठरलेलं: "आमचा माणूस आहे, नको." म्हणून मागच्या दारानं जा आणि वस्तादला भेटा. मालक पैसे देतो, पण भाजी चांगली की वाईट हे वस्ताद ठरवतो. सोलापुरात वस्ताद तेलुगू बोलणारा निघेल, कन्नड बोलणारा निघेल, हिंदी बोलणारा निघेल. भाजी बोलत असेल तर भाषेचं काही अडत नाही. मी पहिल्यांदा गेले तेव्हा पिशवीत दोन किलो निवडलेली कोथिंबीर होती, मुळं कापलेली, पेंड्या सुतळीनं बांधलेल्या. वस्तादनं एक पेंडी सोडली, नाकाला लावली आणि विचारलं,

"अक्का, रोज येणार का चार दिवस येऊन गायब होणार?"

"महिनाभर बघा वस्ताद. एक दिवस चुकले तर मग बोला."

"सगळेच असं म्हणतात."

खरं होतं ते. माझ्याआधी दोन शेतकरी येऊन गेले होते. बाजार पडला की रोज यायचे, बाजार चढला की फोन बंद.

पहिल्या भेटीत भाव बोलू नका. तीन गोष्टी विचारा आणि वहीत लिहून घ्या. रोज कुठली भाजी किती लागते? माल किती वाजता हवा? आणि कुठल्या भाजीचा सध्या त्रास आहे? तिसऱ्या प्रश्नावर माणूस मोकळा होतो. मिरची कधी तिखट कधी फिकी येते, पालकात चिखल येतो, लिंबाला रस नाही. तिथून आत शिरायचं.

एक अवघड गोष्ट आहे, तीही सांगते. काही ठिकाणी जुन्या पुरवठादाराकडून खरेदी बघणाऱ्याला काहीतरी मिळत असतं. तुम्ही त्याचा सगळा धंदा तोडायला गेलात तर तुमची चांगली कोथिंबीरसुद्धा 'खराब' निघायला लागते. माझ्यासोबत झालंय. म्हणून जी भाजी जुन्या माणसाला नीट जमत नाही, तेवढीच मागा. आणि आपण पाकीट द्यायचं नाही. एकदा दिलं की ते भावात बसवावं लागतं, मग पिंपाचा हिशेब करून उपयोग काय राहिला?

एकट्यानं करू नका

एकट्या शेतकऱ्याकडं माल एक तर जास्त असतो नाही तर नसतो. हॉटेलला दोन्हीचा उपयोग नाही. आम्ही सहा घरं आहोत. प्रत्येकीकडं दोन पिकं नेमून दिलेली, आणि प्रत्येक पीक दोघींकडं. कोथिंबीर माझी आणि शेजारच्या जाऊबाईंची. मिरची आणि वांगी दुसऱ्या दोघींची. एकीच्या वाफ्यावर मावा पडला, एकीच्या घरी बाळंतपण निघालं, तरी हॉटेलला कळत नाही.

सहापेक्षा जास्त सध्या घेत नाही. दहा जणी झाल्या की कुणाचा माल आज घ्यायचा यावरून भांडणं लागतात. आम्ही ते करून बघितलंय आणि हळदी-कुंकवाला एकमेकींच्या घरी न जाण्यापर्यंत गेलं होतं.

वही एकीनंच लिहायची. तारीख, कुणाचा माल, किती किलो, कुठल्या हॉटेलला, परत किती आला. परत आलेला माल ज्या घरचा त्या घराच्या नावावर, म्हणून प्रत्येक कॅरेटला रंगीत चिंधी बांधलेली असते. माझी हिरवी. गाडीभाडं किलोमागं सगळ्यांवर सारखं. छोटा हत्ती टेम्पो गावातल्याच पोराचा आहे, येताना तो किराणा दुकानाचा माल भरून आणतो म्हणून आम्हाला भाडं निम्म्यात पडतं. तुमच्याही गावातून सकाळी कोणती गाडी सोलापुरात जाते ते आधी बघा. दुधाची असेल, शाळेची पोरं सोडणारी असेल. भाजीसाठी स्वतंत्र गाडी केली तर पहिले सहा महिने तुम्ही गाडीवाल्यासाठीच राबाल.

पेरा हॉटेलच्या वहीवरून

आम्ही पूर्वी कोथिंबीर एकदम दहा गुंठे टाकायचो. चाळीस दिवसांनी सगळी एकदम काढणीला. बाजारात नेली तर सगळ्यांनीच आणलेली. आता दर आठवड्याला थोडी टाकतो.

गणित सोपं आहे. थंडीत एका गुंठ्यात कोथिंबीर आमच्याकडं साधारण शंभर किलो निघते. हॉटेलला रोज चार किलो लागत असेल तर आठवड्याला अठ्ठावीस. म्हणजे आठवड्याला एक तृतीयांश गुंठा पुरतो, पण अर्धा टाकायचा, कारण काही जळते, काही पिवळी पडते. उन्हाळ्यात उतारा पार खाली येतो, तेव्हा एक ते दीड गुंठा टाकायचा आणि वर शेडनेट. धने रगडून दोन फोडी कराव्यात, रात्रभर भिजवावेत आणि मग टाकावेत. अख्खे टाकले की उगवण मागं-पुढं होते आणि एका पेंडीत तीन वयाची कोथिंबीर दिसते.

मेथी पंचवीस ते तीस दिवसांत येते, ती आठवड्यातून दोनदा टाकली तरी चालते. पालक एकदा टाकला की तीन-चार कापण्या देतो, फक्त कापताना कोंब सोडायचा. भेंडी पंचेचाळीस-पन्नास दिवसांनी सुरू होते आणि मग एक दिवसाआड तोडावीच लागते, नाही तर निबर होते आणि वस्ताद तिचं टोक मोडून बघतो. टोक कट्टकन मोडलं तर घेतो, वाकलं तर कॅरेट परत.

भेंडी, मिरची, वांग्याच्या बाबतीत फवारणीचं भान ठेवा. औषधाच्या बाटलीच्या चिठ्ठीवर फवारणीनंतर किती दिवसांनी तोडा करायचा ते छापलेलं असतं. तेवढे दिवस त्या रांगांतला माल हॉटेलला जात नाही. म्हणून तर एक पीक दोन घरांत. फवारणीची तारीख आमच्या वहीत त्याच पानावर असते. एका हॉटेलवाल्यानं ती वही बघूनच पुदिनाही आमच्याकडून सुरू केला.

उन्हाचा बंदोबस्त

सोलापूरचा एप्रिल-मे तुम्हाला सांगायला नको. पारा बेचाळीसच्या पुढं जातो आणि पालक शेतातून रस्त्यापर्यंत येईस्तोवर मान टाकतो. आम्ही फळभाजी संध्याकाळी पाचनंतर तोडतो आणि पालेभाजी पहाटे. साडेपाचला वाफ्यात, सव्वासहाला गाडीत, सात ते आठ हॉटेलात. जुन्या बायांना हे पटेना. त्यांची सवय दुपारी काढून संध्याकाळच्या बाजाराला पाठवायची. एक दिवस एकाच वाफ्यातला पालक दुपारचा आणि पहाटेचा शेजारी ठेवला, मग पटलं.

संध्याकाळी तोडलेल्या मालासाठी विटांचा शीतकक्ष बांधला. दिल्लीच्या पुसा संस्थेनं काढलेली ही पद्धत आहे आणि वीज लागत नाही. जमिनीवर विटांचा एक थर. त्यावर विटांच्या दोन भिंती, एकीच्या आत एक, मध्ये पुरे तीन इंच जागा. त्या जागेत वाळू. आमचा साडेपाच फूट लांब, पावणेचार फूट रुंद आणि सव्वादोन फूट उंच आहे, त्यात क्विंटलभर माल बसतो. वर बांबूच्या चौकटीवर ओलं बारदान आणि सगळ्यावर सावलीला छप्पर. सकाळ-संध्याकाळ वाळूवर, विटांवर पाणी मारायचं. हवा जितकी कोरडी तितका आत गारवा जास्त, त्यामुळं आपल्या भागाला तो कोकणापेक्षा जास्त मानवतो. पावसाळ्यात मात्र त्याचा फारसा उपयोग होत नाही, आमच्या मांजरीनं तिथं पिलं घातली होती.

पावसाळ्याचा धडा वेगळा. पहिल्याच जुलैमध्ये पावसात भिजलेली कोथिंबीर मी तशीच प्लॅस्टिकच्या पोत्यात दाबून भरली. हॉटेलात पोतं उघडलं तर आतून वाफ आली आणि कोथिंबीर काळी. बारा किलो परत, आणि त्या दिवशी त्यांच्याकडं दुपारी दीडशे पानांची पंगत होती. तेव्हापासून ओला माल आधी ओसरीत साडीवर पसरून पाणी निथळवायचं, मग जाळीच्या कॅरेटमध्ये उभ्या पेंड्या ठेवायच्या. धुऊन पाठवा म्हणालं कुणी, तर फक्त मुळा-गाजर-बीट धुवा. पालेभाजी धुऊन गाडीत घालू नका.

रिकाम्या कॅरेटचं वजन तोलून मार्करनं त्याच्यावर लिहून ठेवा. दीड-दोन किलोचा वाद रोज सकाळी घालायला कुणाला वेळ आहे? आणि स्वतःचा काटा वैधमापनवाल्यांकडून दरवर्षी शिक्का मारून घ्या. हॉटेलच्या काट्यावर माल कमी भरला तर शिक्क्याचा काटा पुढं करायचा, आवाज चढवायचा नाही.

भाव

इथंच बहुतेकांचं तुटतं, म्हणून जरा थांबून सांगते.

फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला सोलापुरात विकलेल्या ५१२ किलो कांद्याचा खर्च वजा जाऊन २ रुपयांचा चेक मिळाला होता. ती पट्टी, म्हणजे विक्रीची पावती, देशभर फिरली. आपल्याला ती बघून धक्का बसला नाही, कारण गाडीभाडंही न निघालेल्या पट्ट्या प्रत्येकाच्या घरात आहेत. त्यामुळं हॉटेलवाला "वर्षभर एकच भाव देतो" म्हणाला की शेतकरी हरखून जातो. थांबा. मे महिन्यात कोथिंबीर तिपटीनं चढते, तेव्हा तुमचं मन बाजाराकडं धावणार. आणि डिसेंबरात मेथी मातीमोल होते, तेव्हा हॉटेलवाल्याचं मन धावणार. दोघांपैकी कुणीतरी शब्द मोडतोच.

आमची पद्धत अशी. राज्याच्या पणन मंडळाच्या संकेतस्थळावर सोलापूर बाजार समितीचे रोजचे भाव येतात. फळभाजीचे क्विंटलचे असतात, ते शंभरानं भागायचे; पालेभाजीचे नगावर येतात, तिथं पेंडी तोलून किलोचा भाव काढायचा. सोमवार आणि गुरुवारचा सरासरी भाव घ्यायचा, त्यावर निवडणी आणि पोहोच म्हणून ठरलेले रुपये चढवायचे, तो पुढच्या आठवड्याचा दर. पण खाली-वर कुंपण घालायचं. कोथिंबिरीचं आमचं बोलणं असं आहे की बाजार कितीही पडला तरी २५ रुपये किलोच्या खाली हॉटेल देणार नाही आणि कितीही चढला तरी ९० च्या वर आम्ही मागणार नाही. तुमचे आकडे वेगळे निघतील. खालचा आकडा काढताना बी, पाणी, मजुरी आणि गाडी धरा, स्वतःची मजुरीसुद्धा. बाया ती हमखास विसरतात.

लक्षात घ्या, हॉटेल जो भाव आज देतंय तो लिलावाचा नसतो. समितीत लिलाव, मग ठोक व्यापारी, मग लक्ष्मी मार्केटातला किंवा गाडीवाला पुरवठादार, असे हात बदलत माल त्यांच्याकडं येतो. त्या मधल्या फरकातून निम्मा तुम्ही घ्या, निम्मा त्यांना राहू द्या. सगळा ओढायला गेलात तर ते कशाला जुना माणूस सोडतील?

मागच्या वर्षी मे महिन्यात बाजारात कोथिंबीर दीडशेच्या वर होती आणि आम्ही नव्वदनं देत होतो. गटातली एक म्हणाली, "आठ दिवस बाजारात टाकू, मग परत हॉटेलला देऊ." त्या रात्री आमच्या ओसरीवर अकरापर्यंत बैठक चालली. शेवटी हॉटेलांना लागतो तेवढा माल नव्वदनंच दिला आणि वरचा बाजारात नेला. डिसेंबरात मेथीचे ढीग रस्त्यावर पडले होते तेव्हा त्याच बाईची मेथी हॉटेलात रोज जात होती.

उधारी आणि कागद

पहिले पंधरा दिवस रोख, मग आठवड्याचा हिशेब, आणि पंधरा दिवसांपलीकडं उधारी नाही. हे पहिल्याच दिवशी सांगा. नंतर सांगायला जड जातं. एका ठिकाणी मी महिनाभर थांबले. मॅनेजर बदलला, नवा म्हणाला, "मला जुनं काही माहीत नाही." अकरा हजारांच्या वर येणं होतं, निम्मंच हाती आलं. माझ्याकडं माल दिल्याच्या चलनांवर सह्या नव्हत्या. आता कार्बनचं चलनबुक आहे. माल उतरवला की तिथल्या माणसाची सही, एक प्रत त्यांना, एक आम्हाला, आणि सहीचा फोटो त्यांच्या व्हॉट्सॲपवर. तक्रार असेल तर माल उतरल्यापासून तासाभरात फोटोसकट कळवायची. संध्याकाळी "सकाळचा पालक खराब होता" हे चालत नाही.

हॉटेलचे पैसे पंधरा दिवसांनी येतात, पण गटातल्या बाईला शनिवारी पैसे लागतात. नाही मिळाले की ती रविवारी माल बाजारात नेते आणि तिचं काही चुकत नाही. म्हणून गटाच्या खात्यात पंधरा दिवसांच्या मालाएवढी रक्कम फिरती ठेवा. आमची बचत गटाच्या कर्जातून उभी राहिली.

कायद्याचं थोडक्यात. २०१६ पासून महाराष्ट्रात फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनाबाहेर आहे, त्यामुळं समितीच्या आवाराबाहेर हॉटेलला थेट माल देता येतो. ताज्या भाजीवर जीएसटी नाही. स्वतःच्या शेतातला माल विकणाऱ्या शेतकऱ्याला अन्न परवाना लागत नाही, पण दुसऱ्यांचा माल गोळा करून विकायला लागलात की अन्न सुरक्षेची नोंदणी करून घ्या. आम्ही ती गटाच्या नावानं घेतली. मोठी हॉटेलं ती मागतातच.

माल कमी पडला तर

पडणारच. रात्री साडेदहा-अकराला हॉटेल बंद होताना वस्ताद उद्याची लिस्ट टाकतो. तेव्हाच कळलं की दोन किलो मिरची कमी आहे, तर तेव्हाच फोन करा. सकाळी सातला सांगितलं तर तो हैराण होतो, रात्री सांगितलं तर जुन्या माणसाकडून मागवतो. जुन्या माणसाशी वाकडं न घेण्याचं हेही एक कारण आहे. आणि चूक आपली असेल तर पहाटे समितीत जाऊन माल विकत घ्यायचा, निवडायचा आणि ठरलेल्या भावानं द्यायचा. तोटा होतो. वर्षातून चार-पाच वेळा आम्ही तो खाल्लाय. पण तो माल 'आमच्या शेतातला' म्हणून द्यायचा नाही. वस्तादला बाजारातली मिरची ओळखता येते, आणि आठ वर्षं निवडल्यामुळं मलाही.

सणांची एक वेगळी वही ठेवा. श्रावणात मटणाची हॉटेलं ओस पडतात, तेव्हा कोथिंबीर-पुदिन्याचा पेरा जुलैच्या सुरुवातीलाच कमी करायचा आणि व्हेज हॉटेलचा पालक-मेथी वाढवायचा. आषाढी-कार्तिकीला पंढरपूरच्या रस्त्यावरच्या हॉटेलांचा माल दुप्पट होतो. कोजागिरीला आमचा तुळजापूर रोड चालत जाणाऱ्यांनी भरतो आणि वाहनं दुसरीकडून वळवतात. त्या दोन दिवसांचा माल आम्ही आदल्या रात्री पोहोचवतो आणि पालेभाजी देणार नाही म्हणून आठवडाभर आधी सांगून ठेवतो.

सगळ्यात मोठी तयारी जानेवारीची. सिद्धेश्वराची यात्रा, म्हणजे गड्डा यात्रा, आणि त्यातच भोगी. बऱ्याच हॉटेलांत त्या दिवशी बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी असते. त्यासाठी वांगी, गाजर, घेवडा, पावटा, ओला हरभरा, मटार एकाच कॅरेटमध्ये निवडून, मापात दिलेलं त्यांना फार आवडतं, कारण सहा ठिकाणांहून अर्धा-अर्धा किलो गोळा करायचा त्रास वाचतो. भोगी बहुतेक वर्षी १३ जानेवारीला येते. गाजराला तीन महिने लागतात, म्हणजे ते ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात पडलं पाहिजे. वांग्याची रोपं त्याच सुमाराला लावून झालेली हवीत. मेथी १२ डिसेंबरच्या आसपास. आणि ज्या हॉटेलांना ही भाजी हवी त्यांची नावं सप्टेंबर संपायच्या आतच लिहून घ्या, त्यानंतर विचारलं तर वाफे रिकामे राहिलेले नसतात.